बारा वाजता सुटलेलं जहाज: साउदॅम्प्टन, १० एप्रिल १९१२

क्रूझच्या तिकिटावर सुटण्याची एकच वेळ छापलेली असते, दुपारी चार किंवा संध्याकाळी पाच. पहिल्यांदा जाणारे प्रवासी ती वेळ रेल्वेच्या वेळेसारखी धरतात आणि तासाभराने डेकवर उभे राहून एकमेकांना विचारतात, ‘किनारा तर अजून दिसतोय, निघालोय ना आपण?’ धक्क्यापासून सुटं व्हायला मोठ्या जहाजाला साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उघड्या समुद्रात पोचायला मात्र बंदरागणिक वेगळा वेळ लागतो. मायामीत धक्क्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हे काम लवकर उरकतं. साउदॅम्प्टनहून दोन-अडीच तास लागतात. हँबुर्ग तर एल्ब नदीवर समुद्रापासून शंभर किलोमीटर आत आहे. तिथून निघालेलं जहाज कित्येक तास नदीतच असतं.

एवढा वेळ इंजिन कमी पडतं म्हणून जात नाही. जहाजाने बंदरातून किती हळू जायचं हे पाण्याची खोली, वारा आणि भरती-ओहोटी ठरवतात हे सगळे सांगतात. आणखी एक गोष्ट ते ठरवते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: वाटेत धक्क्याला बांधून ठेवलेली दुसरी जहाजं. चालत्या जहाजाचा त्रास आधी त्यांना होतो. हे जितकं स्वच्छ १० एप्रिल १९१२ च्या दुपारी साउदॅम्प्टनच्या गोदीत दिसलं तितकं क्वचितच दिसलं असेल. जहाज होतं टायटॅनिक. त्या दुपारी हिमनग अजून चार दिवस दूर होता, आणि या प्रकरणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की बारा वाजता दोर सोडलेल्या जहाजाचा पहिला एक तास बंदरातच का गेला.

खचाखच भरलेलं बंदर

त्या आठवड्यात साउदॅम्प्टनला धक्क्यांवर जागा नव्हती. ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा देशव्यापी संप ६ एप्रिलला मिटला होता, पण खाणीतून निघालेला कोळसा बंदरापर्यंत यायला अजून वेळ होता. कोळशाअभावी कितीतरी प्रवासी जहाजांच्या फेऱ्या रद्द झाल्या होत्या. टायटॅनिकची पहिली सफर मात्र पुढे ढकलायची नाही असं व्हाइट स्टार लाइनने ठरवलं होतं. तिच्या मालकसमूहातल्या इतर जहाजांच्या बंकरमधून कोळसा काढला आणि टायटॅनिकमध्ये भरला. ज्यांचा कोळसा गेला ती जहाजं प्रवाशांविना, वाफ न धरता, धक्क्याला पडून राहिली.

जहाजं जास्त आणि धक्के कमी, म्हणून ती जोडीने बांधली. ३८ क्रमांकाच्या धक्क्याला ‘ओशनिक’ होतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला ‘न्यूयॉर्क’. म्हणजे न्यूयॉर्क आणि धक्का यांच्या मध्ये एक आख्खं जहाज उभं होतं. अशा बाहेरच्या जहाजाचे दोर लांब पडतात, त्यांचे कोन वाईट होतात आणि ताण सगळ्या दोरांवर सारखा वाटला जात नाही. शांत पाण्यात याने काही बिघडत नाही. आठवडाभर काही बिघडलंही नव्हतं.

न्यूयॉर्क १८८८ चं, साडेदहा हजार टनांच्या आसपासचं. एके काळी अटलांटिकवरचं नावाजलेलं वेगवान जहाज होतं ते. टायटॅनिक ४६,३२८ टनांचं, २६९ मीटर लांब, २८ मीटर रुंद. चौपटीहून मोठं. १९०० च्या आगेमागे ज्या बंदरात दहा-पंधरा हजार टनांची जहाजं मोठी मानत, तिथे दहा-बारा वर्षांत ही उडी पडली होती. धक्के नवे बांधले गेले, गोदी खोल केली गेली, ऑलिंपिक आणि टायटॅनिकसाठी स्वतंत्र व्हाइट स्टार डॉक १९११ मध्ये सुरू झाला. नदीचं पात्र मात्र होतं तेवढंच राहिलं. गाळ उपसून त्याची खोली वाढवता आली. पण काठाला गोदी असलेल्या पात्राची रुंदी वाढवायची कुठे?

बेलफास्टहून टायटॅनिक ३ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर इथे पोचलं तेव्हा त्याला उलटं, म्हणजे मागचं टोक आत आणि नाळ (पुढचं टोक) बाहेर असं, ४४ क्रमांकाच्या धक्क्याला लावलं होतं. हे काम निघायच्या दिवशीचा वेळ वाचवण्यासाठी. आजही क्रूझ जहाजं कित्येक बंदरांत आल्या आल्याच वळवून लावतात. येताना दिलेली वीस मिनिटं निघताना परत मिळतात आणि धक्का सोडताना एक अवघड वळण कमी होतं.

दोर सोडण्याआधीची सकाळ

सुटण्याची वेळ बाराची, पण काम पहाटेपासून चाललेलं. कॅप्टन एडवर्ड स्मिथ साडेसातच्या सुमारास जहाजावर आले. त्यांच्यामागून पायलट जॉर्ज बोयर आले. पायलट म्हणजे बंदराच्या पाण्याची नस ठाऊक असलेला स्थानिक वाटाड्या. बोयर साउदॅम्प्टनचे अनुभवी पायलट होते आणि व्हाइट स्टारची मोठी जहाजं नेहमी तेच ने-आण करीत. ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या अधिकाऱ्याने खलाशांची हजेरी घेतली, दोन लाइफबोटी पाण्यात उतरवून परत वर घेतल्या, कागदांवर सह्या झाल्या. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून प्रवाशांच्या खास गाड्या आल्या. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची गाडी साडेअकराच्या सुमारास धक्क्यालगत लागली, म्हणजे सुटायला अर्धा तास उरला असताना.

आज हे कोणी चालवून घेणार नाही. आता बहुतेक कंपन्या जहाज सुटायच्या निदान तासभर आधी दार बंद करतात. कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचं कार्ड ‘बाहेर’ दाखवतंय याची यादी जुळल्याशिवाय शिडी काढत नाहीत. तिकिटावर चार वाजता लिहिलेलं असताना साडेतीनला धावत येणाऱ्याला धक्क्यावरून जहाज बघत राहावं लागतं, त्याचं कारण हे.

त्या दिवशी धावत आलेले प्रवासी नव्हते, भट्टीवर कोळसा टाकणारे कामगार होते. सकाळची हजेरी लावून काही जण जवळच्या दारूच्या दुकानात जाऊन बसले. परतताना गोदीतल्या रुळांवरून एक गाडी आडवी आली. दोघे-तिघे गाडीच्या आधीच पलीकडे पळाले आणि चढले. बाकीचे गाडी जाईपर्यंत थांबले. पोचले तेव्हा शिडी काढायला सुरुवात झाली होती. हुज्जत घातली, पण शिडीवरच्या अधिकाऱ्याने त्यांना घेतलं नाही आणि त्यांच्याऐवजी राखीव कामगार आत घेतले. त्या अधिकाऱ्याचा निर्णय मला योग्य वाटतो. शिडी एकदा हलायला लागली की तिच्यावर माणूस चढवणं धोक्याचं, आणि खाली टग, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, दोर ताणून उभे होते.

बारानंतर

डोलकाठीवर निघण्याचा निळा बावटा होता. शिट्टी झाली, धक्क्यावरचे दोर एकेक करून सोडले गेले. टायटॅनिकला ओढायला-ढकलायला सहा टग होते: एजॅक्स, हेक्टर, हर्क्युलिस, नेपच्यून, अल्बर्ट एडवर्ड आणि व्हल्कन. त्यांची गरज का होती ते जहाजाच्या रचनेवरून कळतं. टायटॅनिकला तीन पंखे होते. बाजूचे दोन वाफेच्या दट्ट्याच्या इंजिनावर चालत आणि उलटे फिरवता येत. मधला पंखा टर्बाइनवर होता. तो उलटा फिरत नसे आणि बंदरातल्या हालचालींत वापरत नसत. सुकाणू एकच, त्याच मधल्या पंख्याच्या मागे. मधला पंखा थांबलेला असला की सुकाणूवर पाण्याचा झोत कमी येतो आणि जहाज वळायला जड होतं. नाळेपाशी आडवं ढकलणारं कुठलंही यंत्र त्या काळी नव्हतं. त्यामुळे डॉकमधून बाहेर काढून डावीकडे, टेस्ट नदीच्या पात्रात वळवण्याचं काम टगच करणार होते.

ते त्यांनी नीट केलं. जहाज वळलं, पात्राच्या रेषेत आलं, टगनी दोर सोडायला सुरुवात केली आणि टायटॅनिक स्वतःच्या इंजिनावर हळूहळू पुढे निघालं. वेग सुमारे सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. धावत्या माणसाचा वेग. समोर डाव्या हाताला ३८ क्रमांकाचा धक्का, त्याला ओशनिक आणि ओशनिकच्या अंगाला न्यूयॉर्क.

टायटॅनिक त्यांच्या जवळून जाऊ लागलं तशी न्यूयॉर्कची नाळ आणि मागची बाजू वर उचलली गेली, मग खाली बसली. दोर ढिले पडले आणि पुन्हा ताणले गेले. मग ते तुटायला लागले. डेकवर असलेल्या प्रवाशांनी पिस्तुलातून गोळ्या सुटाव्यात तसे एकामागून एक आवाज ऐकले. तुटलेले दोर हवेत उसळून धक्क्यावरच्या गर्दीच्या दिशेने आले आणि लोक मागे पळाले. दोर धरणारं काहीच उरलं नाही तेव्हा न्यूयॉर्कचं मागचं टोक धक्क्यापासून सुटून सरळ टायटॅनिकच्या डाव्या बाजूकडे वळू लागलं. न्यूयॉर्कवर ना वाफ, ना जहाज हाकायला पुरेशी माणसं. त्याला थांबवायचं तर बाहेरून.

व्हल्कन टग तेव्हा टायटॅनिकच्या मागच्या बाजूला होता आणि सुटा झाला होता. त्याच्या कॅप्टनने टग वळवला आणि न्यूयॉर्कच्या मागच्या बाजूला पोलादी तारेचा दोर टाकला. तो तुटला. त्याच्या माणसांनी लगेच दुसरा टाकला आणि तो धरला. टायटॅनिकवर स्मिथ आणि बोयर यांनी इंजिनं थांबवून उलटी फिरवायचा हुकूम दिला. डाव्या पंख्याचा झोत दोन्ही जहाजांच्या मधल्या पाण्यात गेला आणि न्यूयॉर्कला थोडं बाहेर लोटलं. व्हल्कनने ओढ घेतली तेव्हा दोन जहाजांमध्ये सुमारे चार फूट अंतर उरलं होतं. सव्वा मीटर. पुढे जेझुइट धर्मगुरू झालेले फ्रान्सिस ब्राउन आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनपर्यंत टायटॅनिकवर प्रवास करत होते आणि त्यांच्याजवळ कॅमेरा होता; त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत न्यूयॉर्क टायटॅनिकच्या बाजूला किती जवळ आलं होतं ते दिसतं.

टक्कर टळली, पण सुटं जहाज अजून पात्रातच होतं. एका बाजूचा धोका गेला तरी ते टायटॅनिकच्या नाळेसमोरून वाहत जाणार होतं. टगनी त्याला धरून ठेवलं, मागे ओढलं, बाजूला दुसऱ्या जागी नेऊन बांधलं. टायटॅनिकला थोडं मागे घ्यावं लागलं. ओशनिकचे दोरही वाढवले, कारण हाच प्रकार त्याच्या बाबतीत होऊ शकला असता. हे सगळं होईपर्यंत तासाभराचा उशीर झाला.

पाणी काय करतं

पन्नास हजार टनांच्या आसपास वजनाचं जहाज पुढे सरकतं तेव्हा तेवढंच पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि त्याच्या मागे तेवढंच पाणी परत भरून यावं लागतं. खोल समुद्रात ते पाणी खालून, बाजूंनी, कुठूनही जातं. बंदराच्या पात्रात मात्र जहाजाच्या तळाखाली थोडीच जागा असते आणि बाजूंना धक्के असतात. त्या अरुंद जागेतून पाणी वेगाने मागे पळतं. नाळेपुढे पाण्याचा दाब आणि पातळी वाढते, जहाजाच्या मधल्या भागालगत ती उतरते, मागे पुन्हा वाढते. शेजारी बांधलेलं जहाज या तिन्ही अवस्थांतून एक-दोन मिनिटांत जातं. ते आधी वर येतं आणि बाहेर लोटलं जातं, मग खाली बसतं आणि चालत्या जहाजाकडे ओढलं जातं. दोर एकदा ढिला पडून मग झटक्याने ताणला गेला की त्याच्यावर येणारा भार संथ ओढीपेक्षा कितीतरी जास्त असतो. न्यूयॉर्कचे दोर तुटले ते या झटक्याने.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. हा परिणाम साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा नॉटऐवजी तीन नॉटने गेलं तर बांधलेल्या जहाजावरची ओढ अर्धी नाही, चौथाई होते. अंतर वाढवलं तरी ती झपाट्याने कमी होते. पण पात्रात अंतर वाढवायला जागा नसते. राहतो तो वेग. म्हणून धक्क्यांसमोरून जहाज सरपटत जातं, आणि डेकवरच्या प्रवाशाला वाटतं की काहीतरी बिघडलंय.

१९१२ मध्ये हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. सातच महिने आधी, २० सप्टेंबर १९११ ला, टायटॅनिकचं जुळं भावंड ऑलिंपिक साउदॅम्प्टनहून निघालं होतं आणि आइल ऑफ वाइट बेटाच्या उत्तरेला, काउझ गावापुढच्या पाण्यात, ‘हॉक’ नावाची नौदलाची क्रूझर त्याच्या उजव्या कुशीवर मागच्या बाजूला येऊन आदळली होती. ऑलिंपिकचे कॅप्टन स्मिथ होते आणि पायलट बोयर. नौदलाचं म्हणणं होतं की मोठ्या जहाजाने हॉकला ओढून घेतलं. कोर्टात नमुन्यांवर केलेल्या प्रयोगांचे पुरावे आले, ‘सक्शन’ (पाण्याची ओढ) हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला आणि डिसेंबर १९११ मध्ये निकाल ऑलिंपिकच्या विरोधात गेला. पायलट घेणं कायद्याने सक्तीचं असल्यामुळे भरपाई मात्र कंपनीवर पडली नाही. ऑलिंपिक दुरुस्तीसाठी बेलफास्टला गेलं, टायटॅनिकवरची माणसं आणि सामान तिकडे वळवलं गेलं, आणि टायटॅनिकची पहिली सफर २० मार्चवरून १० एप्रिलवर गेली. म्हणजे टायटॅनिक त्या दिवशी त्या धक्क्यासमोरून जात होतं तेच मुळी अशा एका ओढीमुळे.

तोच कॅप्टन, तोच पायलट, तेच बंदर. तरीही माझा बोट दाखवायचा रोख स्मिथ आणि बोयर यांच्यावर नाही. सहा नॉट हा त्या पात्रातला बेफाम वेग नव्हता; एप्रिलच्या आधी ऑलिंपिक त्याच वाटेने कित्येकदा गेलं होतं. त्या दिवशी वेगळं होतं ते जोडीने बांधलेलं न्यूयॉर्क. एवढं मोठं जहाज समोरून जाणार हे ठाऊक असताना बाहेरच्या जहाजाला जादा दोर दिले असते, दोरांवर माणसं ठेवली असती, किंवा टायटॅनिकचे टग ३८ क्रमांक मागे पडेपर्यंत सोडले नसते, तर बारा वाजून वीस मिनिटांनी जहाज गोदीच्या टोकापलीकडे गेलं असतं. यातलं कुठलंही काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. प्रत्येक जण आपापलं काम रोजच्यासारखं करत होता आणि दोन कामांच्या मधली जागा कोणाकडेच नव्हती.

या तासाला पुढे अपशकुन म्हणायची पद्धत पडली. ‘निघतानाच अडलं होतं’ असं आजही सांगतात. त्याने त्या टगवरच्या माणसांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. पहिली तार तुटल्यावर काही क्षणांत दुसरी टाकणं हे कसब होतं, आणि त्यानंतर घाई न करता न्यूयॉर्क नीट बांधून, ओशनिकचे दोर तपासून मगच पुढे जाणं हा शहाणपणाचा निर्णय होता. त्या तासात कोणाला दुर्दैव दिसतं. मला त्या दिवसातला सगळ्यात नीट वापरलेला तास तोच वाटतो.

नॅबपर्यंत

तिथून पुढची वाट आजही तीच आहे. साउदॅम्प्टन वॉटर ही लांबट खाडी, तिच्या तोंडाशी कॅलशॉट. पुढे ब्रॅम्बल्स नावाची वाळूची पट्टी आडवी येते. तिला वळसा घालताना मोठ्या जहाजाला आधी नैऋत्येकडे आणि मग जवळपास उलट दिशेला, पूर्वेकडे वळावं लागतं. पूर्ण वाटेतलं सगळ्यात अवघड वळण तेच. मग काउझ, राइड, समुद्रातले जुने गोल किल्ले आणि शेवटी नॅब, जिथे पायलट उतरतो. गोदीपासून वीस सागरी मैलांहून थोडं जास्त. १९१२ मध्ये तिथे दीपनौका नांगरलेली असे. आजचा नॅब टॉवर १९२० मध्ये बसवला. पायलट उतरल्यावर टायटॅनिकने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स गाठलं आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शेरबुर्गला नांगर टाकला. तिथे एवढ्या मोठ्या जहाजाला लागेल असा धक्का नव्हता. वाट बघत बसलेल्या प्रवाशांना ‘नोमॅडिक’ आणि ‘ट्रॅफिक’ या दोन छोट्या बोटींनी आणलं. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी ते तिथूनही निघालं.

आजच्या जहाजांना टगची गरज क्वचित पडते. २००४ पासून चालणारं ‘क्वीन मेरी २’ घ्या. ३४५ मीटर लांब, नाळेपाशी पाण्याखाली आडवं ढकलणारे तीन थ्रस्टर, मागे पंखे बसवलेले चार पॉड, त्यातले दोन स्वतःभोवती पूर्ण फिरणारे. कॅप्टन ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीच्या, कडेच्या भागात उभा राहून, खाली धक्का बघत, जहाज बाजूला सरकवू शकतो. दोर सोडणं, बाजूला होणं, वळणं हे टायटॅनिकच्या मानाने झटपट होतं. या जहाजांची उंची मात्र खूप वाढली आहे आणि त्यांच्या भिंतीसारख्या बाजूंवर वारा आदळतो. वारा जोरात असला की थ्रस्टरचं बळही अपुरं पडतं. मग टग मागवायचे किंवा वारा पडेपर्यंत धक्क्यालाच थांबायचं.

धक्का सुटल्यावरचा वेग मात्र फारसा वाढलेला नाही. साउदॅम्प्टनमध्ये हाइद पियरपासून समोरच्या वेस्टन शेल्फ बोयापर्यंत (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेपर्यंत) एक रेषा मानली आहे. तिच्या उत्तरेला, म्हणजे गोदीकडच्या सगळ्या भागात, वेगाची मर्यादा सहा नॉट आहे. टायटॅनिकचा वेगही साधारण तेवढाच होता. ब्रॅम्बल्सच्या वळणावर १५० मीटरपेक्षा लांब जहाजापुढे १,००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर एवढी जागा छोट्या बोटींनी मोकळी ठेवायची असते; जहाजाबरोबर ती जागाही पुढे सरकते. बंदराचं वाहतूक नियंत्रण रडारवर सगळं बघतं, आणि दोन मोठी जहाजं त्या वळणावर समोरासमोर येऊ नयेत म्हणून एकाला थांबवलं जातं. तुमचं जहाज सुटायची वेळ झाली तरी दहा मिनिटं धक्क्यालाच उभं असेल, तर पुष्कळदा आत येणाऱ्या मालवाहू जहाजाची वाट बघत असतं.

दुसऱ्याच्या दोरांचं काय होतं हे विसरलं तर किती महागात पडतं त्याचं एक उदाहरण बरंच अलीकडचं आहे. १६ सप्टेंबर १९९० ला अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बे सिटीमध्ये सॅगिनॉ नदीवर ‘ज्युपिटर’ नावाचा टँकर पेट्रोल उतरवत होता. ‘बफेलो’ हे मोठं मालवाहू जहाज जवळून गेलं. ज्युपिटर धक्क्यापासून हललं, दोर आणि नळ्या तुटल्या, पेट्रोलने पेट घेतला आणि एक खलाशी दगावला. न्यूयॉर्कच्या दोरांचं झालं तेच. फरक एवढाच की इथे बांधलेल्या जहाजात पेट्रोल होतं आणि चार फुटांवर धरायला कोणी नव्हतं.

मुंबईहून निघताना

मुंबईत क्रूझ जहाजं बॅलार्ड पियरला लागतात. हा धक्का इंदिरा डॉकच्या झडपांच्या बाहेर, खुल्या बंदरात आहे, त्यामुळे आत-बाहेर करताना दार उघडायची वाट बघावी लागत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वर-खाली होते. दोर त्याप्रमाणे सतत ढिले-घट्ट करावे लागतात आणि निघायची वेळही पाणी बघूनच ठरते.

धक्का सोडून जहाज दक्षिणेकडे निघालं की उजव्या हाताला नौदलाची गोदी, मग गेटवे. गेटवेच्या पायऱ्यांना लागलेल्या लाँच बघा. एलिफंटाच्या, मांडव्याच्या बोटी एकमेकींच्या अंगाला अंग लावून तीन-तीन, चार-चार बांधलेल्या असतात आणि बाहेरच्या बोटीत जायला आपण आतल्या बोटींवरून पाय टाकत जातो. ओशनिक आणि न्यूयॉर्कची तीच मांडणी. सणासुदीला तिथे लहान मुलं आणि साडी सावरणाऱ्या बायका एका बोटीतून दुसरीत पाय टाकत असतात. त्याच वेळी दोनशे मीटर लांबीचं जहाज समोरून वेगात गेलं तर दोन बोटींच्या मधली फट किती वेळा उघडेल आणि मिटेल याचा विचार करा. त्याच पाण्यात कोळ्यांच्या होड्या असतात, ससून डॉककडे परतणारे ट्रॉलर असतात. पुढे कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्जचं दीपगृह येतं, तिथून बंदराचं तोंड मोकळं होतं.

पायलट तिथे किंवा त्यापुढे उतरतो. जहाजाच्या बाजूला एक छोटी बोट येऊन त्याच वेगाने धावू लागते, पाण्यालगतचं एक दार उघडतं आणि एक माणूस दोरीच्या शिडीवरून खाली उतरतो. त्यानंतर इंजिनाचा आवाज बदलतो आणि पायाखालच्या लाद्या थोड्या थरथरू लागतात. बंदर मागे पडल्याची खूण तीच. गेटवे आणि पायलट बोट दोन्ही बघायची असतील तर सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास उजव्या बाजूच्या उघड्या डेकवर जागा धरावी. मात्र वाऱ्याप्रमाणे पायलट बोट कधी डाव्या बाजूलाही बोलावतात.